मावशीची अडगळ

मावशी गेली आणि तिचं घर रिकामं करायचं काम दोघा भावंडांवर आलं. धाकटी शाळेत शिकवायची. तिला मावशी लहानपणापासून ‘मुंगी’ म्हणायची, तेच नाव पुढे टिकलं. तिने रजा काढली, दादाने भंगारवाल्याला टेम्पोसकट बोलावलं. घर विकायचं नक्की झालं होतं.

आईवडील गेल्यावर मावशीनेच या घरात दोघांना लहानाचं मोठं केलं होतं. बाई मायेची, पण वस्तू टाकायची म्हटली की तिच्या जिवावर यायचं. उलट दुसऱ्यांनी टाकलेलं ती ओढून आणायची. मोडकी कपाटं, बंद पडलेली शिवणयंत्रं, लोखंडी ट्रंका, सगळं मागच्या खोलीत छतापर्यंत रचलेलं. “मावशीकडे टाचणी मागा, नांगर मिळेल,” असं दादा म्हणायचा. ती एक रात्रही कुणाकडे राहायला जायची नाही. शेजारीपाजारी हसायचे, बाई सामानावर भुजंगासारखी बसलीय म्हणायचे.

सकाळी वरचं हलकं सामान भराभर निघालं. एकेक वस्तू बाहेर गेली की मुंगीला मोकळं वाटायचं. दुपार कलली तसा खालचा थर लागला आणि काम अडलं. एक ट्रंक तिघांना हलेना. भंगारवाल्याने झाकण उघडलं.

“ताई, यात नुसत्या विटा आहेत.”

दुसरीतही विटा. डब्यांमध्ये ठासून वाळू. मुंगीला जरा विचित्र वाटलं. विटा कोण जपून ठेवतं? तरी त्यांनी विटा काढून ट्रंका सरकवल्या. शेवटी भिंतीला टेकलेलं एक लोखंडी कपाट उरलं. त्याच्या बाजूने मुंगीने डोकावलं, तर मागे दार होतं. लाकडी, बुटकं. त्याला कडी नव्हती, कोयंडा नव्हता, काहीच नव्हतं.

“इथे दार कसं असेल?” दादा म्हणाला. “या भिंतीवर तर आपण बाहेरून चेंडू मारायचो. सपाट भिंत आहे.”

“मग बाहेर जा आणि ठोक. मी इथून ऐकते.”

दादा गेला, भंगारवालाही टेम्पोकडे गेला. खोलीत ती एकटीच उरली. थोड्या वेळाने आवाज आला. टक… टक. बोटाच्या पेराने, अगदी हलकेच.

“आलं रे ऐकू,” ती ओरडून म्हणाली.

टक… टक… टक.

“अरे, ऐकलं म्हटलं ना…”

“कुणाशी बोलतेस?”

दादा तिच्या मागे उंबऱ्यात उभा होता. हातात टेम्पोची दोरी. तो अजून मागच्या गल्लीत गेलाच नव्हता.

 तेवढ्यात पुन्हा वाजलं, आता जोरात. कपाट फरशीवर कर्रर्र करत वीतभर पुढे सरकलं. फटीतून गार वास आला, वर्षानुवर्षं झाकलेल्या विहिरीसारखा.

“विटा…” दादा कसाबसा बोलला. “विटा आण.”

कुणी कुणाला काही विचारलं नाही. ट्रंका गेल्या, विटा भरल्या, शिवणयंत्रं चढली. भंगारवाल्याने टेम्पो सगळा उतरवला. शिवाय टेम्पोत त्याचं स्वतःचं एक जुनं इंजिन होतं, तेही त्याने आपणहून आणून टेकवलं आणि मागे न पाहता निघून गेला.

ऊन उतरल्यावर दोघं पायरीवर बसली.

“तिची खाट कुठे असायची, आठवतं?” मुंगीने विचारलं.

“त्या ढिगाला चिकटून.”

“पाठ टेकून झोपायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, ‘पाठीला बरं वाटतं गं.’”

 दादा म्हणाला, “आणि आपण पुढच्या खोलीत घोरत पडायचो. वर तिला कंजूष म्हणायचो.” त्याने बाहीने डोळे पुसले. “जन्म गेला तिचा त्या दाराला पाठ लावून. एका शब्दाने बोलली नाही.”

घर विकलं नाही. मुंगीने बदली मागून घेतली आणि ती तिथेच राहायला आली. दादा रविवारी येतो तेव्हा काही ना काही जडशीळ घेऊन येतो. आता शेजारी तिला हसतात. ती हसू देते. मावशीच्या खाटेवर, पाठीला ट्रंकांचं गार लोखंड लागलं की तिला रोज एकच वाटतं, की आपल्याला किती मिळालं आणि आपण साधं विचारलंसुद्धा नाही.

परवा शाळेतून आल्यावर दुपारी तिचा जरा डोळा लागला होता. ढिगापलीकडून हाक आली.

“मुंगे… दार उघड गं. मी आहे.”

मावशीचाच आवाज. तोच घोगरेपणा, तोच बोलण्याआधीचा खाकरा. मुंगी उठून बसली. पाय जमिनीला लागले, हात पहिल्या ट्रंकेच्या कडीवर गेला. आणि तिथेच थांबला. जिने जन्मभर हे दार बंद ठेवलं, ती उघड कशी म्हणेल?

ती परत आडवी झाली, ढिगाकडे पाठ करून.

“तू मावशी नाहीस,” ती हळू म्हणाली. “मावशी माझ्या बाजूची आहे.”

पलीकडे बराच वेळ काही हललं नाही. मग तोच आवाज आला, पण लाकडाला तोंड लावून बोलल्यासारखा, अगदी जवळून.

“मग तुझ्यामागे कोण निजलंय, ते वळून बघ…”

मुंगी वळली नाही. भीतीने अंगावर काटा आला होता, तरी ती खाटेवर थोडी पुढे सरकली आणि तिने जागा करून दिली. तिच्या पाठीला आता गार लोखंड लागत नव्हतं, ऊब लागत होती.