एनकोडरला दाखवलेली चांदणी

मनिषा गच्चीवर गेली ती वाळत घातलेली सुकट आवरायला. सूर्य नुकताच बुडाला होता. सुकापूरच्या त्या घरात ती आणि तिचा नवरा हरेश, दोघंच. मुलगी लग्न होऊन उरणला गेली आणि तिच्या जागी ह्यांनी दुर्बीण आणून बसवली, असं मनिषा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

हरेश कारखान्यात फिटर. दुर्बिणीच्या बुडाशी उकिडवा बसून तो स्क्रू पिळत होता.

"आता काय घालताय तिला? पैंजण?"

"एनकोडर. मोटर आंधळी हाय हिची. जरा धक्का लागला की कुठं बघत होती तेच इसरते. म्हणून या दोन चकत्या बाहेरून मागवल्या. आता मोटरनं फिरव नायतर हातानं ढकल, हिला आपली जागा कळणार."

"माझी जागा तुमाला कधी कळंल?"

हरेश हसला. आता एकच काम उरलं होतं. ओळखीचा एखादा तारा दाखवून यंत्राला सांगायचं, हा अमुक. पण खाणींच्या धुळीनं आभाळ पांढुरकं झालेलं. दक्षिणेकडे अगस्त्य शोधून शोधून त्याच्या डोळ्यांना पाणी आलं.

दिवा लावायच्या आधी पहिल्या चांदणीला हात जोडायचे, ही मनिषाला सासूनं लावलेली सवय. कर्नाळ्याच्या सुळक्यावर, अगदी टेकल्यासारखा, एक लालसर ठिपका होता. तिनं हात जोडले.

"ती काय तुमची चांदणी."

"अगस्त्य खालीच असतो," म्हणत हरेशनं दुर्बिणीची नळी तिकडे वळवली आणि तिला जोडलेल्या टॅबलेटवर बोट दाबलं. बायकोनं हात जोडलेत म्हटल्यावर त्याला शंका आली नाही.

मोटर घुमायला लागली. हरेशनं डोळा लावला. सुपात सुकट भरता भरता मनिषाच्या नाकात वास शिरला. सुकटीचा नव्हे. ओहोटीला खाडी उघडी पडते, तसल्या काळ्या चिखलाचा. वारा तर पार पडलेला.

"अगं... ही खाली चालली," हरेश म्हणाला. "अगस्त्य आता वर चढायला पायजे."

नळी सुळक्यावरून उतरली. डोंगराच्या अंगावरून, झाडीतून, सावकाश.

"तारा नाय हा..."

"मग काय हाय?"

"चालतंय."

मनिषा भिणारी बाई नव्हती. घरासमोर बुलडोझर आला तेव्हा ती त्याच्यापुढं आडवी झोपली होती. तिनं सूप ठेवलं, सरळ गेली आणि मोटरची वायर उपटली. मोटर गप्प झाली.

टॅबलेटवरचे आकडे उतरतच राहिले. चकत्या मोजत होत्या. मोटर बंद, हरेशचे दोन्ही हात मांडीवर, आणि नळी फिरत होती, कुणीतरी समोरच्या टोकाला धरून वाकवावी तशी.

"उठा! सोडा ते!"

"डोळा सुटत नाय गं..."

नळी हायवेवर आली. मग नव्या टॉवरांवर. मग त्यांच्याच गल्लीत. शेवटी तिचं तोंड कठड्यावरून पार खाली, फाटकाकडे झुकलं. खाली कडी वाजली.

मनिषानं नवऱ्याला बखोटीला धरून असं ओढलं की दुर्बीण आडवी झाली. एक चकती निखळून घरंगळत गेली. त्याला ढकलत तिनं जिना उतरवला, वरच्या दाराला कुलूप घातलं. मग तिला आठवलं. दिवेलागणीला लक्ष्मी यायची म्हणून पुढचं दार तिनंच सताड उघडं ठेवलं होतं. धावत जाऊन तिनं ते लावलं. ओटीवर कुणी नव्हतं. फरशी कोरडी होती.

"झालं ते झालं. उद्या ते भंगारात घालते," ती म्हणाली आणि ताट वाढलं. हरेश बसला. भाकरी मोडली, पण तोंडात घातली नाही.

त्याची मान वळत होती. दाराकडून देव्हाऱ्याकडे, देव्हाऱ्यावरून भिंतीकडे. न थांबता, न अडखळता, एका संथ वेगात.

"अवं... काय बघताय?"

मान वळत वळत चुलीच्या कोपऱ्यात थांबली. मनिषानं उलथनं उचललं.

"कोण असशील ते अस," ती कोपऱ्याकडे बघून म्हणाली, "हा माझा माणूस हाय. नाय देणार. चालतं हो!"

हरेशची मान परत हलली. हळूहळू तिच्या दिशेनं आली आणि तिच्या तोंडासमोर थांबली.

पण नजर तिच्या डोळ्यांपर्यंत पोचली नव्हती. वीतभर अलीकडेच अडकली होती. आणि मनिषाच्या गालावर चिखलाचा गार वास येत होता... जात होता... येत होता.