मधल्या मोटारीची मागची सीट

"पोरीला मागच्या सीटवर बसव, बारकू. नवी नवरी हाय, तिला काय ठावं? जागा भरली म्हंजे झालं."

देवजीमामा हे बोलले ते गोठ्याच्या मागं. मी गोठ्याच्या पुढं शेण भरत होते. मधे कारवीचा कूड. कारवीतून वारा जातो तसं बोलणंही जातं, हे पुरुषमाणसांच्या लक्षात राहत नाही. पोरगी म्हणजे मी, आणि बारकू म्हणजे माझे यजमान. नाव मामांनी घेतलं, म्हणून इथं आलं. सासरी कमी बोलायचं, एवढं मला खर्डीहून निघताना सगळ्यांनी शिकवलं होतं. किती ऐकायचं, ते कोणी सांगितलं नव्हतं.

मागची सीट म्हणजे मोटारीची. लढाईचे दिवस, पेट्रोल कुपनावर, तरी ह्यांना आसनगाव स्टेशनापासून मुरबाडपर्यंत उतारू न्यायचे होते. कल्याणच्या एका दलालाकडे जुनी मोटार होती. त्या कंपनीच्या तीन गाड्या निघत, लहान, मोठी आणि मधली. लहान गाडीत आमच्याकडची माणसं मावत नाहीत, कारण माणसाबरोबर कोंबडं, तांदूळ आणि मेव्हणा असतो. मोठी पेट्रोल फार पिते. मधली आमच्या रस्त्याला अगदी बेताची, आणि नेमकी तीच काढायची कंपनीनं थांबवली होती. म्हणून स्वस्तात मिळत होती. दलाल रात्रीपुरती गाडी ठेवून गेला होता. पसंत पडली तर उद्या व्यवहार.

मामा हे सासूबाईंचे भाऊ, मुरबाडचे. मोटारींतलं त्यांना कळतं अशी ख्याती होती. बाजारात बैल बघावा तशी त्यांनी दुपारी ती मोटार पाहिली. हँडल मारल्यावर किती लवकर उठते ते पाहिलं. धूर निळा येतो का पाहिलं. रेडिएटरचं झाकण काढून, पाण्यावर तेलाची साय आहे का, बोट बुडवून बघितलं आणि बोट धोतराला पुसलं. टायरांवरून हात फिरवला. मग मागच्या अंगाला जाऊन उकिडवे बसले आणि पुष्कळ वेळ नुसते बघत राहिले.

"काय बघताव, मामा?" धाकटे दीर, नवशाभाऊ, यांनी विचारलं.

"कलते का ती."

"कलते?"

"नाय. सरळ हाय. पन खाली बसलीय."

"स्प्रिंगांचे पाटे जुने झालं असतील," हे म्हणाले. ह्यांना गाडी आवडली होती, आणि आवडलेल्या वस्तूच्या खोडीला ह्यांना कारण लगेच सापडतं. मला बघायला आले तेव्हा मी एक शब्द बोलले नाही, तेही ह्यांनी गुणातच धरलं होतं.

"इंजिन चांगला हाय," मामा उठत म्हणाले. "पन सामान मिळनार नाय, येवडा ध्यानात ठेव. कंपनी आता ही काढीत नाय. एक मोडायची तवा दुसरी चालायची. हिचा दार हिचाच का, सीट हिचीच का, ते कोन सांगनार?"

आणि मामांनी मोटार आवारात घेऊ दिली नाही. कुडाबाहेर, रस्त्याच्या कडेला, ऐनाच्या झाडाखाली उभी करायला लावली. आमच्याकडे नवी गाडी, मग ती बैलांची का असेना, रिकामी घरी आणत नाहीत. भाताचं पोतं, गवताचा भारा, नाहीतर घरची एखादी सवाष्ण, काहीतरी आत बसवून आणायची. रिकामी जागा घरात आणू नये, म्हणतात. हे सगळ्यांना माहीत असतं. का, ते कोणी विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. पण त्या रात्री मामांनी आपण होऊन सांगितलं.

पौषातली अवस होती. जेवणं झाली होती. थंडी म्हणून ओटीवर घमेल्यात विस्तव केला होता. त्याच्या भोवती हे, नवशाभाऊ आणि नणंद भिमी. मी दारात, अर्धी आत अर्धी बाहेर. सासूबाई आत ओवाळणीचं तबक लावीत होत्या.

"आमच्या सरळगावचा कोंडू," मामांनी सुरुवात केली. "माज्या मांडीला मांडी लावून जेवलेला मानूस. खोटा वाटत असंल तर सरळगावात जाऊन विचारा."

"आता कोन जाईल विचारायला," भिमी म्हणाली.

"म्हनून तर आता सांगतो."

कोंडूनंही असलीच मधली घेतली होती. शहापूरला एक जण विकत होता. अशीच अवसेची रात्र, पण मार्गशीर्षातली. कोंडू एकटाच आणायला गेला. बायको, सकुबाई, घरी तबक करून वाट बघत होती. गाडी झकास निघाली. किन्हवली मागं पडली, आणि मग कोंडूच्या ध्यानात आलं की आपण गाडी रिकामीच नेतोय.

"पोता घ्यायचा इसरला," मामा म्हणाले. "दुकाना बंद झालेली. शेतात बघावा तर पेंडा सुदीक कोनी ठेवलेला नाय. आनी रिकामी घरी न्यायची नाय. काय करंल मानूस?"

"मागं फिरंल," नवशाभाऊ म्हणाले.

"तू फिरशील. तुला भूक लागली तरी तू आईला विचारशील. कोंडू गमत्या मानूस."

पुढं शाई नदीचा उतार लागतो. तिथल्या काठावर आसपासच्या गावांची मढी जाळतात. कोंडूनं तिथं गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवलं. खाली उतरून मागचं दार उघडलं. आणि अंधाराकडं तोंड करून, नुसती थट्टा म्हणून, मोटारवाला उतारूंना हाळी देतो तशी हाळी दिली. सरळगावऽ मुरबाडऽ... कोन हाय का? रिकामी हाय, या, बसा.

मामा थांबले. विस्तवातलं लाकूड पुढं सरकवलं.

"मग?" भिमी.

"मग काय. कोन असनार तिथं? जरा उभा राह्यला. आपल्याशीच हासला. बिडी पेटवायला वळला. मग दार लावायला गेला..."

विस्तव तडतडला.

"दार लागलेला होता."

"वाऱ्यानं," हे म्हणाले.

"वाऱ्यानं. कोंडू पन तेच बोलला. पुढं जाऊन बसला. गेर टाकला. गाडी उठंना. उठली ती जड. डावीकडं कललेली. पुढं आरसा होता, मागचा दिसायचा. त्याच्यावर त्यानं टोपी टांगली."

सरळगाव आलं. घरापुढं सकुबाई तबक घेऊन उभी. गाडी थांबली. तिनं दिव्याच्या उजेडात आत बघितलं आणि पदर सावरला, परक्या माणसापुढं सावरतात तसा. मग नवऱ्याला हळूच विचारलं, आधी कोनाला ओवाळू?

आता मामांचा आवाज उतरला होता. ते आमच्याकडं बघत नव्हते.

"कोंडूनं पाटा बदलला. गाडी कललेलीच. दुसरा घातला. तरी कललेलीच. मग कोनीतरी सांगितला, घरच्या सवाष्णीला मागं बसव. जागा तिची होऊ दे. म्हंजे जो कोन बसलाय तो उठंल."

"बसवली?"

"बसवली. उजवीकडं बसली. दाराला चिकटून. कोंडू बोलायचा, ऐसपैस बस की. ती बोलायची, कशी बसू?"

भिमी सरकून माझ्या पायाशी आली.

"मग तिला सवय झाली. बाजाराला जायची, यायची. गाडीत बारीक आवाजात बोलायची. कोंडूला वाटायचा, माज्याशी बोलते. तो उत्तर द्यायचा. ती बोलायची... तुमाला नाय."

बाहेर ऐनावरून दव पडत होतं. मोटारीच्या टपावर. टप... टप.

"एक दिवस मुरबाडच्या बाजारातनं निघाली. दोघंच. दिवस मावळलेला. वाटंत कुठं थांबला नाय. घरी आला. उतरला. मागचा दार उघडला."

मामांनी घमेल्यातली राख काडीनं उकरली.



"नव्हती," मामा म्हणाले. "सीटवर चुडा. हिरवा. दोन्ही हातांचा. एक बांगडी पिचलेली नाय. कासारानं साबन लावून भरलेला चुडा तो..."

"शोधली नाय?"

"नदीचं दोन्ही काठ शोधलं. रान शोधला. माहेरी गेलं." मामांनी मान हलवली. "चुडा तेवडा राह्यला."

"आनी गाडी?" ह्यांनी विचारलं.

"गाडी सरळ झाली. खाली बसली, पन सरळ. दोनी बाजूंनी सारखी."

हे उठले आणि पुन्हा बसले.

"ती गाडी ही नव्हं, मामा."

"मी कुठं बोललो ही ती हाय? कोंडूनं ती मोडीत घातली. पन मोडीत गेली म्हंजे कोनाकोनाच्या अंगात गेली, ते कोन सांगंल? जेवड्या मधल्या उरल्यात तेवड्या एकमेकींवरच चालल्यात."

"मग घेऊच नको, दादा," नवशाभाऊ म्हणाले.

"इंजिन चांगला हाय," मामा पुन्हा म्हणाले, आणि हे ऐकून ह्यांचा चेहरा जरा उजळला, ते मला विस्तवाच्या उजेडात दिसलं. "कोंडूचा चुकला कुठं? सवाष्ण मागनं बसवली. आधी बसवायची असते. जागा रिकामी हाय तवाच. म्हनून बोलतो, आताच बसव हिला. गावदेवीपर्यंत न्या, नारळ फोडा, आनी भरलेली गाडी आवारात आना. मग कोनाची छाती नाय."

कोणी माझ्याकडं बघितलं नाही. त्यावरून काय ते मला कळलं.

ह्यांनी नको म्हणावं असं मला फार वाटलं. एकदाच. कोणत्याही कारणानं, थंडी आहे म्हणून सुद्धा चाललं असतं. हे विस्तवाकडं बघत म्हणाले, "देवी काय लांब हाय? मीच चालवनार ना."

सासूबाई तबक घेऊन बाहेर आल्या. माझ्या कपाळाला कुंकू लावलं. घाईनं नाही, नीट, लग्नातल्यासारखं. हातात पेटती चिमणी दिली.

"जा गो बाय, बसून घे. तो येतो नारळ घेऊन."

मी गेले. नाही म्हणायचं ठरवलं नव्हतं. आपल्या माणसाची इच्छा, मोठ्यांचा शब्द, दहा पावलांवर गाडी... माणूस चालत जातो.

आवाराची झापडी उघडली. रस्त्यावर काही नव्हतं. नुसतं धुकं आणि मोटार. दवानं सगळी पांढुरकी झालेली. टप, चाकांवरचे पंखे, पुढची काच, सगळीकडं दव. मी मागच्या दाराच्या मुठीला हात लावला. गार होती. आधी आत बघावं म्हणून चिमणी वर धरली. काच धुरकट. पदरानं पुसली. दव गेलं.

काच धुरकटच राहिली.

ते दव नव्हतं. ती वाफ होती, आतल्या बाजूनं. भातावरच्या झाकणाला आतून धरते तशी. मी चिमणी पुढं नेली. पुढच्या दाराची काच पुसली. ती स्वच्छ झाली. हाकायचं चाक दिसलं, ह्यांचा विसरलेला रुमाल दिसला. परत मागं आले. मागची धुरकट. गाडीला वळसा घालून पलीकडं गेले. तिकडचीही.

फक्त मागच्या. दोन्ही.

मी पहिल्या दाराशी परत आले तेव्हा त्या काचेवर तळव्याएवढी जागा पुसलेली होती. मी बाहेरून पुसली त्याच्या खाली. आतून. तिच्या कडेनं पाण्याचा एक थेंब अजून खाली उतरत होता.

मी त्या जागेसमोर चिमणी धरली नाही.

परत येताना धावले नाही. चिमणी विझू नये म्हणून हात आडवा धरला होता, एवढं आठवतं. ओटीवर सगळे उभे होते. ह्यांच्या हातात नारळ. मामांनी कंदील मोठा केलेला.

"काय गो, बसली नाय?" सासूबाई म्हणाल्या.

"घाबरली पोर," मामा म्हणाले. "आमी गोष्टी सांगतो ना..."

"वैनी?" भिमीनं माझा हात धरला. "काय झाला?"

आता सगळे माझ्याकडं बघत होते. त्या घरात आल्यापासून मोठ्यांपुढं मी हो किंवा नाही याच्यापलीकडं गेले नव्हते. ह्यांच्याकडं बघितलं. हे नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते.

मी चिमणी उंबऱ्यावर ठेवली.

"मी बसले असते, मामा," मी म्हणाले. "पण मागं जागा नाही."