दीपस्तंभापलीकडचा ठिपका

विमानाचा आवाज तर स्पष्ट येत होता, मग पडद्यावरचा ठिपका गेला कुठे?

वेळणे गावाच्या टेकडीवरच्या केंद्रात रेगे आजोबा या कोड्यात पार अडकले होते. आजोबा रेडिओलहरींचे शास्त्रज्ञ. निवृत्त झाल्यावर आकाशातल्या विमानांवर लक्ष ठेवणारं हे केंद्र त्यांनी हौसेनं उभारलं होतं, आणि सुट्टी असली की गावातली हर्षाली त्यांच्याकडे शिकायला येई. खाली समुद्रावर दाट धुकं साचलं होतं. त्या धुक्यात कुठेतरी तिचा जयरामकाका आपलं छोटं मासेशोधक विमान उडवत होता. वरून माशांचा थवा हेरायचा आणि परत येऊन ती जागा गावच्या नाखवांच्या कानात सांगायची, हे त्याचं काम.

"दीपस्तंभापर्यंत दिसत होता तुझा काका," आजोबा पुटपुटले. "माझा अँटेनाच बिघडलेला दिसतोय."

ठिपका का गेला, ते हर्षालीला ठाऊक होतं. पण ती गप्प बसली.

मागे एकदा तिनं विचारलं होतं, की विमान शोधायला रडार (लहरी फेकून त्यांचा प्रतिध्वनी टिपणारं यंत्र) असताना आणखी खटाटोप कशाला? तेव्हा आजोबांनी नीट समजावलं होतं. पाण्याजवळून उडणारं लहान विमान रडारच्या नजरेतून सहज निसटतं. म्हणून प्रत्येक विमानात स्थानप्रक्षेपक (आपली जागा सतत कळवणारं यंत्र) बसवतात. ते आधी उपग्रहांचे संकेत ऐकून आपण कुठे आहोत ते ठरवतं. मग दर सेकंदाला रेडिओवरून सांगत सुटतं, की मी अमुक, इथे आहे, इतक्या उंचीवर, या दिशेला, या वेगानं. कुणी विचारण्याची ते वाट बघत नाही. अंधाऱ्या बोळातून जाताना माणूस समोरच्याला कळावं म्हणून खाकरतो, तसंच ते. केंद्राला ऐकू जातं, जवळच्या विमानांना आणि ते संकेत पकडणारं यंत्र असलेल्या कुणालाही. या आकाशात उडायचं तर हे यंत्र चालू हवंच, असा नियम होता.

काका मात्र त्याला 'चहाडखोर' म्हणायचा. वेळण्यात मासे कुठे लागले हे नाखवा बायकोलासुद्धा सांगत नसे, आणि हे यंत्र तर शेवऱ्याच्या लोकांनाही सांगणार! शेवरे म्हणजे खाडीपलीकडचं गाव, त्यांचं आणि वेळण्याचं पिढ्यांचं वाकडं. म्हणून दीपस्तंभ ओलांडला की काका ते यंत्र बंद करी आणि रेडिओही. हे कुणाला सांगायचं नाही, अशी हर्षालीला त्यानं होडीची शपथ घातली होती.

आजोबा अँटेना बघायला गच्चीवर गेले. तेवढ्यात पडद्यावर नवा ठिपका उगवला. ते वैमानिक नसलेलं औषधविमान होतं. कासबेटावर तन्वीर नावाच्या मुलाला साप चावला होता, त्याच्यासाठी प्रतिविष (विष उतरवणारं औषध) चाललं होतं. ठिपका खाली येत येत बोडक्या खडकाकडे सरकत होता. काकाची मासे हेरायची जागा तीच.

आजोबा खाली येताच हर्षालीनं विचारलं, की त्या विमानाला काका दिसेल ना?

"धुक्यात त्याचा कॅमेरा काय कामाचा? त्याला फक्त ऐकू येतं. जो सांगत नाही, तो त्याच्या लेखी नाहीच."

"काकानं यंत्र बंद केलंय," ती म्हणाली. "तो बोडक्या खडकावर हाय, आजोबा."

आजोबांनी तडक रेडिओ उचलला. त्या खुल्या रेडिओवरून काकाची गुप्त जागा सगळ्या किनाऱ्यानं ऐकली. औषधविमान वळवण्याचा आदेश सुटला, ठिपका वळू लागला. पण उशीर झाला होता. दूरवर काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. ठिपका विझला, आणि काकाच्या विमानाची घरघरही थांबली.

काकाला पाण्यातून काढलं ते शेवऱ्याच्या होड्यांनी. त्यांनी जागेचं नाव ऐकलं होतं आणि त्याच सगळ्यांत जवळ होत्या. काका वाचला, पायानं मात्र अधू झाला. दुसरं औषध कासबेटावर पोचेपर्यंत तन्वीर गेला होता.

हर्षाली कित्येक दिवस धड जेवली नाही. आपण आधीच बोललो असतो तर, हा एकच विचार तिला कुरतडत होता. तिची समजूत काढायला आजोबा खोटं बोलले नाहीत. "आधी बोलली असतीस तर बरं झालं असतं, पोरी. पण बोललीस म्हणून काका सापडला."

काकाचा परवाना वर्षभरासाठी रद्द झाला. चालता येऊ लागल्यावर तो तन्वीरच्या घरी गेला. तिथे काय बोलणं झालं, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

वर्ष सरल्यावर, पुढच्या हंगामात तो पुन्हा उडाला, त्या दिवशीही धुकं होतं. हर्षाली पडद्याकडे बघत होती. ठिपका दीपस्तंभापाशी आला, पुढे गेला, आणि तसाच चमकत राहिला. बोडक्या खडकापाशी तो घिरट्या घालू लागला, तशा शेवऱ्याच्या होड्या उघडउघड तिकडे वळल्याचं रेडिओवर ऐकू आलं. काकानं यंत्र बंद केलं नाही.

थोड्या वेळानं पडद्यावर एक औषधविमान आलं. खडकाजवळ येताच, कुणी न सांगता, त्यानं काकाच्या ठिपक्याला लांबून वळसा घातला आणि ते सरळ कासबेटाकडे निघून गेलं.