मुसक्यावरची मोहोर

पूर्वेच्या वाळूच्या टेकड्यांमागून सूर्याची पहिली तिरीप निघाली, की क्षारगडाच्या पायथ्याशी, जिथे वाळवंट थेट समुद्रात उतरते आणि कोसभर गवताची काडी दिसत नाही, तिथे साठ माणसे ओळीने पोटावर पडत आणि सरपटत पुढे निघत; कारण त्या तिरप्या उन्हातच वाळूतला हिरा वेगळा चमकतो, ऊन चढले की सगळीच वाळू चमकू लागते. हिरा गिळू नये म्हणून प्रत्येकाच्या तोंडाला, बैलाला बांधतात तसे कातड्याचे मुसके असे आणि मुसक्याच्या गाठीवर लाखेची मोहोर. ती मोहोर रोज पहाटे गोंदाजी मोहोरदार आपल्या हाताने उठवी. अकरा वर्षे त्याने हे काम निमूट केले होते आणि त्याची त्याला लाजही वाटत नसे.

ज्याला हिरा दिसे त्याने हात वर करायचा, ओळीने जागीच थांबायचे आणि किल्लेदाराने येऊन हिरा उचलायचा, असा गडाचा शिरस्ता. त्या दिवशी कान्हू पाथरवटाचा हात वर गेला. किल्लेदार सटवोजीराव वाकला, हिरा उचलला आणि घाम पुसल्याच्या मिषाने पागोट्यात सारला. दुर्दैव त्याचे, की आदल्या सांजेला गडावर आलेले हुजुरांचे कारभारी त्रिंबकपंत तटावरून तो वर गेलेला हात पाहत होते.

"किल्लेदार, हिरा कुठे आहे?" खाली येऊन पंतांनी विचारले.

"गिळला, पंत! माझ्या डोळ्यांदेखत गिळला हरामखोराने. आत्ता पोट फाडून हुजुरांची ठेव आपल्या हाती देतो."

रोज मुसकी पाहून पाहून ती या गृहस्थाला दिसेनाशीच झाली होती! चौघांनी कान्हूला उताणे पाडले, जांबिया निघाला, तेव्हा कुठे सटवोजीरावाला आपली चूक उमगली आणि तो मुसके उपटायला धावला.

गोंदाजी आडवा आला. गडावरच्या एकुलत्या विहिरीचे पाणी किल्लेदाराच्या हुकमाने मिळे, आणि गोंदाजीची बायको व दोन लेकी गडावरच होत्या.

"सरकार, गाठीला हात लावू नये."

"गोंदाजी, आज तू मोहोर करायची विसरलास," सटवोजीराव हलकेच म्हणाला. "घरी लेकी तहानेल्या असतील. नीट आठव."

गोंदाजी जागचा हलला नाही.

"विसरलो नाही, सरकार. पंत, गाठ आपण स्वतः पाहावी. लाख शाबूत आहे. या मुसक्यातून वाळूचा कण आत जात नाही, हिरा कुठून जाणार?"

पंतांनी गाठ पाहिली. मग किल्लेदाराची झडती झाली, पागोटे उतरवण्यात आले आणि सुपारीएवढा हिरा वाळूत पडला.

सटवोजीरावाच्या पायांत बेड्या पडल्या असतील, असे वाचकांना वाटेल. छे! त्या भकास गडावर किल्लेदारी करायला दुसरा कोण तयार होता? हुजुरांकडे खलिता गेला तो असा, की किल्लेदाराच्या दक्षतेने हिरा हाती आला. गोंदाजीला पंतांनी स्वहस्ते चांदीचे कडे घातले आणि त्याच बैठकीत हुकूम लिहवला: "मोहोरदाराच्या मुखे मुसक्याची मजबुती सिद्ध जाहली. सबब यापुढे मुसकी आठही प्रहर बांधावीत, अन्नपाण्यापुरतीच सोडावीत."

ज्या शब्दांनी एक जीव वाचला, त्याच शब्दांनी साठ जणांची तोंडे कायमची बंद झाली. याचा संताप येतो, पण करणार काय?

हुकमाची अंमलबजावणी कान्हूपासूनच झाली. जेवणापुरत्या मोकळ्या झालेल्या तोंडाने तो एवढेच म्हणाला, "धनी, जरा सैल बांधा."

गोंदाजीने पंतांकडे पाहिले आणि गाठ आवळली. कडे घातलेल्या हातातून मोहोर तिरकी उठली; तेव्हा पंतांनी ती खरवडून पुन्हा करायला लावली.