ओस्वाल्दोचा क्रूस

फोनचे उजेड बंद करा रे, आणि जवळ सरका. आमच्या ट्रकतळावरच्या एलिसेओची गोष्ट आहे. थापाड्या नव्हता तो, म्हणून तर माझा विश्वास बसला.

गेल्या वर्षीची एक नोव्हेंबरची रात्र. त्या दिवशी आपलं अर्धं इकीके शहर वाळवंटात जातं, सोऱ्याच्या खाणींच्या ओस गावांत, आपापल्या गेलेल्या माणसांचे क्रूस रंगवायला आणि कागदी फुलांची चक्रं वाहायला. एलिसेओची आई एदेल्मिरा दरवर्षी जायची. त्या वर्षी तिच्या पायांनी दगा दिला.

“तू जा,” ती म्हणाली. “सूनबाईला, नोर्मालाही ने, आणि पोरीलाही. तुझा थोरला भाऊ तिथे एकटा आहे रे. कुंपणाच्या भिंतीकडून...”

“माहीत आहे गं आई!” एलिसेओ फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला.

कसलं डोंबलाचं माहीत! जन्मात कधी गेला नव्हता.

दुपारभर तिघांनी गाव पालथं घातलं. पोरगी रायेन पडक्या नाटकगृहात नाचली काय, नोर्माने खाणकामगारांच्या खोल्यांत बसून सारणाच्या करंज्या, एम्पानादा, वाढल्या काय! ऊन कलल्यावर कबरस्तानात गेले. शेकडो लाकडी क्रूस. एकावरही नाव शिल्लक नाही.

“पपा, आपले काका कुठले?”

नोर्मा हसली. “सांग की! सकाळपासून मोठा वाटाड्या झालायस.”

एलिसेओचे कान लाजेने तापले. आईला विचारावं, तर फोनला रेंज नाही. एक क्रूस गंजक्या डब्यासकट आडवा पडला होता, त्याच्याशेजारी त्याने रंगाचा डबा टेकवला. समोरच्या धडशा क्रूसावर पांढऱ्या रंगात भावाचं नाव लिहिलं : ओस्वाल्दो. रायेनने चक्र अडकवलं आणि डोळे मिटून प्रार्थना म्हटली. कुणा परक्याच्या उशाशी.

परतताना अंधार पडला.

“पपा, हळू चालवा ना. तो घाबरतोय.”

“कोण गं?”

एलिसेओने आरशात पाहिलं. रायेन अगदी दाराला चिकटून बसली होती. शेजारी जागा सोडून. नोर्माने रेडिओ बंद केला.

आई दारातच बसली होती. “सापडला?”

“हो.”

“क्रूसाला त्याच्या दुधाचा डबा आहे ना अजून? तुझ्या बाबांनी ठोकलेला. गेल्या खेपेला कलला होता रे क्रूस. मला एकटीला उभा करवेना.”

एलिसेओला तो आडवा क्रूस आठवला. त्यावरचा गंजका डबा आठवला. शेजारी टेकवलेला रंग...

“आहे,” तो म्हणाला. मान वर करायची लाज वाटली त्याला.

आई काठी टेकत गाडीपाशी गेली. थांबली.

मागच्या काचेवर, आतल्या बाजूने, पांढऱ्या रंगाचा पंजा. इवलासा. नुकतं पाऊल टाकायला लागलेल्या मुलाचा असावा, एवढाच. रायेनचे हात स्वच्छ होते.

एदेल्मिराने बाहेरून त्यावर आपला तळहात ठेवला. कितीतरी वेळ...

“तू ओळखलं नाहीस त्याला,” ती लेकाकडे न बघता म्हणाली. “म्हणून त्यालाच यावं लागलं.”

एलिसेओने दुसऱ्याच दिवशी जाऊन तो क्रूस उभा केला, रडत रडत रंगवला. काच मात्र घासघासून थकला. वर्ष झालं. गाडी दिवसभर उन्हात असते. तरी बोट लावलं की बोटाला रंग लागतो.

मी लावून पाहिलंय.