हजेरीतले 'हाय'

अध्यापन ही समोरासमोर, मुखाने करावयाची गोष्ट आहे, असे माझे मत होते आणि आजही आहे. तरीही २००८ साली कोल्हापुरातील आमच्या महाविद्यालयाने बी.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्यास काही सराव पाठ इंटरनेटवरून द्यावयास लावले. मी इकडे संगणकखोलीत बसून प्रश्न टाइप करीत असे. गडहिंग्लजच्या एका शाळेतील आठवीच्या मुली तिकडून उत्तरे धाडीत. पडद्यावर प्रत्येकीचे नाव आणि नावापुढे तिचे वाक्य, एवढाच आमचा वर्ग. मुली मराठीच, पण रोमन अक्षरांत लिहीत. मला तेही मान्य नव्हते. पाठाचे निरीक्षण करावयास माझा सहाध्यायी वृषभ शेजारी बसे.

त्या मुलींपैकी रक्षिता आठवड्यापूर्वी शाळेतून निघाली ती घरी पोहोचलीच नाही. विहिरी, उसाचे फड, एसटी स्थानक, सारे धुंडाळून झाले होते. पाठ रद्द करावा, असे मी प्राचार्यांना सुचवले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मीही वाद घातला नाही. वाद घालण्याइतके काही वाटतच नव्हते.

त्या दुपारी हजेरी घेताना सवयीने तिचेही नाव टाइप झाले.

तिच्या नावापुढे शब्द उमटला : 'हाय.'

मी ताबडतोब लिहिले, 'वर्गात इंग्रजी अभिवादन नको. नमस्कार म्हणावे.'

वृषभ खदखदून हसला. "अरे शुद्धलेखनवाल्या, हाय-हॅलोतला हाय न्हवं त्यो! हजर हाय म्हणतीया ती—"

मग त्याने नाव वाचले.

मी गडहिंग्लजला फोन लावला. कोणीतरी मुलगी थट्टा करीत असावी, हे मी वर्गशिक्षिका पवित्राबाईंना मुद्देसूद सांगितले.

"सर, मी पोरींच्या मागंच उभी हाय की. समद्यांनी हात वर धरल्यात."

हात वर असतानाच दुसरी ओळ आली : 'हाय की सर.'

आता एकच तर्क उरत होता. तिला स्वतःचा संकेतशब्द ठाऊक होता. म्हणजे ती कोणत्यातरी सायबर कॅफेत, जिवंत बसलेली होती.

"तिला बोलत ठेवा सर," पवित्राबाईंचा आवाज चिरकला. "कुठं हाय, इचारा."

'तू कोठे आहेस?'

'हितंच हाय.'

'गावाचे नाव लिही.'

गावाच्या नावाऐवजी आले : 'अव्वाला सांगा, पदर तोंडात धरून रडू नको.'

मी ते फोनवर वाचून दाखवले.

"तिची आई... रत्नव्वा," पवित्राबाई हळू म्हणाल्या. "आत्ताच आलीया. दारात उभी हाय. पदर..."

पुढचा प्रश्न विचारू नये, एवढेच मला स्पष्ट कळले. वृषभने माझा हात बाजूला सारून तो टाइप केला : 'घरी कधी येणार?'

'शाळा सुटली की.'

फोनमध्ये शाळा सुटल्याची घंटा ऐकू आली. बाके सरकली. दप्तरे उचलल्याचा, चपलांचा गलका उठला.

त्यात एका मुलीचा आवाज, अगदी रोजचा, जरासा वैतागलेला :

"सरक की गं, तिला निघू दे."