आण्णांच्या वासाचा नॉमिनी

जयसिंगपुरात आता किल्ली कोणी बाळगत नव्हतं. दारापुढं उभं राहायचं, उजवा हात जरा वर करायचा. चौकटीतलं गंधकुलूप बारीक आवाज करत हवा ओढायचं आणि नाव घेऊन म्हणायचं, "या." लग्नाहून परतलेलं आख्खं कुटुंब दारापुढं हात वर करून उभं असलं की पोलिसांनी पकडल्यासारखं दिसायचं. पण सवय झाली होती.

कुलपामागचं शास्त्र तसं सोपं होतं. माणसाच्या अंगाला साबण, तेल, घाम, जेवण असे शेकडो वास चिकटलेले असतात. ते सगळे वजा केले की तळाशी एक वास उरतो, ज्याचा त्याचा. बोटांच्या ठशासारखा हा गंधठसा. 'किल्ली हरवेल, पासवर्ड विसराल, वास कुठं जातोय?' अशी नासिका टेक्नॉलॉजीज या कंपनीची जाहिरात चौकाचौकात लागली होती.

वास गेला. कंपनीच्या संगणकातून, सगळ्या गावाचा, एका झटक्यात चोरीला.

मालाकाकी मगदूमांना हे कळलं ते बातम्यांतून नाही. त्या आपलं मसाला कांडप बंद करून दुपारी जेवायला घरी आल्या, तर टीव्ही, इन्व्हर्टरची बॅटरी आणि पितळी घंगाळ गायब. पण काकी दारातच थबकल्या त्या यासाठी नाही. घरात आण्णांचा वास होता.

आण्णासाहेब म्हणजे काकींचे मालक. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

पिंट्या, म्हणजे घरचा कुत्रा, ज्याच्या भीतीनं गॅसवाला सिलिंडर कोपऱ्यावर ठेवून पळायचा, तो आण्णांच्या आरामखुर्चीशेजारी लाडात येऊन पडला होता. खुर्चीपुढं आण्णांच्या जुन्या चपला मांडलेल्या. चोराला त्या कोणी आणून दिल्या हे काकींना विचारावं लागलं नाही.

हवालदार आला. त्यानं कुलपाची नोंद वाचली आणि त्याचा चेहरा खुलला.

"ह्यात काय अवघड आहे काकी? आण्णासाहेब मगदूम, आत. आण्णासाहेब मगदूम, बाहेर. घरचाच माणूस. उद्या त्यांना जबाबाला पाठवा स्टेशनला."

"ते वारलेत."

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

हवालदारानं पेन कानामागं खोचलं. "मग चोरीच्या वेळी ते दुसरीकडं होते, असं सांगणारं कोण आहे का?"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर कंपनीचा निरोप आला. 'आपल्या गंधठशाचा काही अनधिकृत नाकांशी परिचय झाल्याची शक्यता आहे. घाबरू नये. खबरदारी म्हणून आपला वास बदलून घ्यावा.' सोबत नवगंध किट मोफत. किटमध्ये आहाराचा तक्ता होता. कांदा-लसूण बंद, तिखट बंद, सकाळ-संध्याकाळ उकडलेला दुधी. मंडईतला दुधी दुपारपर्यंत संपला. पाटील मास्तरांनी तक्ता इतका मनापासून पाळला की महिन्याभरात मास्तर निम्मे झाले. वास तसाच राहिला.

निरोपाच्या तळाशी हिरवं बटण होतं, 'मान्य'. ते दाबलं की कंपनी तुमच्या घरच्यांचे सगळे गंधठसे आपल्या संगणकातून कायमचे पुसणार आणि तुम्ही कंपनीविरुद्ध कुठंही तक्रार करणार नाही. मुदत दिवाळीपर्यंत; नाही दाबलं तरी दिवाळीला ठसे पुसले जाणारच होते.

काकींनी बटण दाबलं नाही. त्यांनी वकील फिरोज बागवानला कांडपावर बोलावून घेतलं. फिरोज लहानपणापासून मगदूमांच्या घरात वाढल्यासारखाच, त्यामुळं फी म्हणून चटणीचा डबा ठरलेला असायचा. मिरचीच्या धुरळ्यात तो डोळे पुसत उभा राहिला.

"काकी, रस्ते चार आहेत. एक, पोलीस."

"झालं ते. ह्यांना अटक करायला निघालाय तो."

"दोन, ग्राहक आयोग. गावातले सगळे मिळून एकच तक्रार करायची आणि नुकसानभरपाई मागायची. मास्तर तयार आहेत, त्यांना दुधीची भरपाई पाहिजे. तीन, डेटा संरक्षण मंडळ. तिथं कंपनीला दंड होतो, पण तो सरकारजमा. चार, हिरवं बटण दाबून गप बसायचं."

"ह्यातल्या कुठल्या रस्त्यानं ह्यांचा वास मिळतोय?"

फिरोजनं रुमाल डोळ्यांवरून खाली घेतला. "काय म्हणालात?"

"त्या चोरानं अंगाला फासलेला ह्यांचा वास ह्यांच्या टॉवेलला लागला होता, खुर्चीवरच्या. दोन दिवस राहिला, मग उडाला." काकी मिरच्या निवडत होत्या, मान वर न करता. "दोन वर्षांत मी कपाट किती वेळा उघडून बघितलं. कपड्यांना नुसता डांबरगोळीचा वास. आणि त्या मेल्या कंपनीकडं ह्यांचा वास कपाटात ठेवल्यासारखा आहे. दिवाळीला पुसून टाकणार म्हणतेत. पुसायच्या आधी मला पाहिजे."

"काकी, असं आजवर कोणी मागितलेलं नाही."

"मग मी मागते. तू कशाला शिकलास?"

फिरोजनं कायदा उघडला आणि संध्याकाळी हसत परत आला. कंपनीकडं आपली जी माहिती आहे तिची प्रत मागायचा हक्क प्रत्येकाला होता. माणूस वारला तर तो हक्क त्याच्या नॉमिनीकडं जायचा. अर्ज गेला. आठवड्यानं कंपनीचं उत्तर आलं, आणि ते वाचून फिरोजचं हसू मावळलं.

"काकी, नॉमिनी तुम्ही नाही."

"मग कोण? त्यांची बहीण? मला वाटलंच होतं!"

"पिंट्या मगदूम."

दोघांनी खाली बघितलं. नॉमिनी पायाजवळ बसून कान खाजवत होता.

काकींना तो दिवस आठवला. कुलूप बसवणारा पोरगा फोनवर प्रश्न वाचत होता, आण्णा चहा पीत उत्तरं देत होते. तुमच्यानंतर कोण? आण्णा म्हणाले, "पिंट्या लिही. हिचं नाक मिरचीनं मेलंय, हिला काय कळणार माझा वास?" तेव्हा काकींना वाटलं, चेष्टा चाललीय. पोरग्यानं खरंच लिहिलं.

"मला सोडून कुत्र्याला," काकी पुटपुटल्या. त्या रात्री पिंट्याला भाकरी कोरडीच मिळाली.

कंपनी काकींना प्रत देईना, म्हणून फिरोजनं डेटा संरक्षण मंडळाकडं दाद मागितली आणि सुनावणी कोल्हापुरात लागली. कंपनीचे वकील सहस्रबुद्धे मुंबईहून आले होते, कोट इस्त्रीचा, केस इस्त्रीचे. अध्यक्षा दळवी मॅडम जोरदार सर्दी घेऊन बसल्या होत्या.

"महोदया," सहस्रबुद्धे म्हणाले, "अर्जदार बाईंबद्दल सहानुभूती आहे. पण कायदा स्पष्ट आहे. प्रत फक्त नॉमिनीला मिळते. आणि नॉमिनी पिंट्या आहे."

"यावर कंपनी ठाम आहे?" फिरोजनं विचारलं.

"शंभर टक्के ठाम."

"लिहून घ्यावं, मॅडम."

मॅडम शिंकल्या. "घेतलं."

फिरोजनं दार उघडलं. काकी पिंट्याला साखळीनं घेऊन आत आल्या. पिंट्यानं आल्या आल्या सहस्रबुद्ध्यांच्या बॅगेचा कसून तपास केला.

"नॉमिनी हजर आहे," फिरोज म्हणाला. "सांभाळ काकी करतात, त्यामुळं त्याच्या वतीनं त्या बोलतील. आम्हाला प्रत द्या."

सहस्रबुद्धे हसले. त्यांची तयारी होती. त्यांनी विटेएवढा कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. पानोपान आकडे. "हा आण्णासाहेबांचा गंधठसा. संपूर्ण प्रत."

काकींनी एक पान घेऊन पिंट्यापुढं धरलं. पिंट्यानं हुंगलं, कंटाळून चेहरा फिरवला आणि पानाचा कोपरा चावला.

"मॅडम," फिरोज म्हणाला, "कायद्यात लिहिलंय, प्रत मागणाऱ्याला समजेल अशा स्वरूपात द्यावी. मराठी येणाऱ्याला मराठीत, अंधाला ब्रेलमध्ये. आमच्या अशिलाला आकडे समजत नाहीत. त्याला फक्त नाकानं समजतं. आणि तोच नॉमिनी आहे, असं कंपनी शंभर टक्के ठामपणे म्हणते."

सहस्रबुद्ध्यांनी गठ्ठा आपल्याकडं ओढून घेतला.

"आकड्यांवरून वास तयार करता येतो का?" दळवी मॅडमनी विचारलं.

"तांत्रिकदृष्ट्या फार किचकट आहे, महोदया."

"चोरांना जमलं की ओ," काकी म्हणाल्या.

मॅडमनी रुमालात तोंड लपवलं, शिंकेसाठी की हसण्यासाठी ते कळलं नाही. मग निकाल सांगितला. आधी वास बाटलीत भरून नॉमिनीला द्यायचा, त्याला समजला याची खात्री इथंच करायची, मगच कंपनीनं पुसायचं.

पुढच्या तारखेला अंगठ्याएवढी बाटली आली. मॅडमनी स्वतः हुंगून बघितली आणि मान हलवली, "मला काहीच येत नाही." झाकण पिंट्यापुढं उघडलं. आधी त्याचे कान ताठ झाले. मग त्याची शेपूट टेबलाच्या पायावर धाडधाड आपटायला लागली, आणि घशातून असा आवाज निघाला की सहस्रबुद्ध्यांनीसुद्धा फोन खाली ठेवला.

"नॉमिनीला समजलं," मॅडम म्हणाल्या. "लिहून घ्या."

गावाची भरपाईची तक्रार आयोगात सुरू राहिली, मास्तरांच्या दुधीसकट. फिरोजनं काकींना घरी सोडलं आणि बजावलं, "आता तेवढं कुलपातनं आण्णांचं नाव काढून टाका. कंपनीनं तिच्याकडचं पुसलं तरी कुलपातला ठसा राहतोच, आणि चोरांकडची नक्कल कोण पुसणार?"

"काढते," काकी म्हणाल्या.

आत गेल्यावर त्यांनी बाटली उघडली आणि डोळे मिटले. हेच होते. पण काहीतरी कमी होतं. मग लक्षात आलं. कंपनीच्या यंत्रानं साबण वजा केला, तेल वजा केलं आणि आण्णांची कांडपावरची तीस वर्षांची मिरची, धने, लवंगही वजा केली. हे आण्णा कांडपाला सुट्टी असलेले, आंघोळ करून पेपर वाचत बसलेले. असे ते वर्षातून किती वेळा असायचे? काकींनी टॉवेलवर एक थेंब टाकला, वर चिमूटभर चटणी भुरभुरली आणि पुन्हा हुंगलं.

"म्हणे नाक मेलंय," त्या खुर्चीला म्हणाल्या.

नाव काढायला म्हणून त्या दाराशी गेल्या. जाता जाता गंमत म्हणून बाटली कुलपापुढं धरली. "या, आण्णासाहेब," कुलूप म्हणालं. काकींनी पुन्हा धरली. "या, आण्णासाहेब." नाव काढायचं उद्यावर गेलं. मग परवावर. चोराची आठवण ठेवून आतून जुनी लोखंडी कडी मात्र त्या न चुकता लावायच्या.

दिवाळी झाली. एका दुपारी काकी स्वयंपाकघरात डब्यात मिरचीपूड भरत होत्या. बाटली कपाटात होती, झाकण घट्ट, कपाटाला कुलूप.

बाहेरून आवाज आला.

"या, आण्णासाहेब."

पिंट्या उठला. भुंकला नाही. चपला तोंडात धरून दाराशी गेला आणि शेपूट हलवत उभा राहिला. दार बाहेरून ढकललं गेलं आणि कडीवर अडलं. फटीतून वाऱ्याची झुळूक आत आली, आणि तिच्याबरोबर ते आले, सुट्टीच्या दिवसाचे, आंघोळ केलेले.

फिरोजला फोन करता आला असता. शेजाऱ्यांना हाक मारता आली असती. काकींनी उजव्या मुठीत मिरचीपूड घट्ट भरून घेतली, डावा हात कडीवर ठेवला आणि तिथंच थांबल्या. आधी मूठ उघडायची, की आधी एकदा खोल श्वास घ्यायचा?